हानबिट, तिआन्मा आणि भाच्याचा तिसरा हक्क

गाडी कोणती घ्यावी हे ज्याला कळत नाही, तो आमच्या शिम्केंतमध्ये थेट माझ्याकडे येतो. मी अमंतई. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रस्त्याचे नियम शिकवतो. अर्धं शहर माझ्या हाताखालून गेलंय. उरलेलं अर्धं दुसऱ्या मास्तरांकडं शिकलं, हे त्यांच्या गाड्यांच्या पोच्यांवरून कळतंच! आवाज नुसता ऐकून मी इंजिनाचं दुखणं सांगतो. सल्ला फुकट देतो. कुणी मागितला नाही तरी देतो!

फक्त स्वतःसाठी कोरी गाडी घ्यायचा योग पन्नाशी उलटली तरी आला नव्हता. माझ्याकडं होती ती एक जुनी रशियन गाडी. तिला घरात सगळे म्हातारी म्हणायचे. उतारावर उभी केली तरच ती सुरू व्हायची, म्हणून मी आयुष्यभर ज्या घराला उतार आहे त्याच घरी पाहुणा गेलो.

या वसंतात माझा भाचा दोस्बोल आला. माझ्या बहिणीचा, बिबिगुलचा मुलगा. दारातून आत येताना वाकावं लागतं, इतका उंच. आवाज मात्र कोकराचा.

"नगाशी," तो म्हणाला. मामाला आमच्यात नगाशीच म्हणतात. "अक्तास गावच्या सार्सेनची मुलगी मेरुएर्त... म्हणजे तिला मागणी घालायचीय. बाबा नाहीत. तुम्ही चला."

"चलतो की!" मी म्हटलं. "पण या म्हातारीतून? मुलीच्या दारात बंद पडली आणि मुलीच्याच बापाला धक्का मारायला लावला, तर काय दिसेल ते? आधी गाडी घेतो. मग थाटात जाऊ!"

"कधी घेताय?"

"अरे, माझ्यासारख्या माणसाला काय वेळ लागतोय! आठवड्यात!"

तेव्हा जर्दाळूला फुलं होती. मग जर्दाळू पिकले, वाळले, डब्यात जाऊन बसले. कलिंगडं आली, संपली. सफरचंदं लाल व्हायला लागली. आणि माझं ठरेना!

घोडं अडलं होतं दोन गाड्यांपाशी. एक कोरियन, हानबिट. एक चिनी, तिआन्मा. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्याच उंच, दोन्ही शहरातही चालणार आणि डोंगरातही. दोन्हींना चार चाकं आहेत, इथपर्यंत माझं आणि माझ्या बायकोचं, राऊशानचं, एकमत होतं. तिथून पुढं महायुद्ध!

राऊशानला हवी होती हानबिट. का? तर हात भरलेले असले, की डिकीखाली पाय नुसता हलवायचा, डिकी आपोआप उघडते!

"लाथ मारून उघडायची? गाडी आहे का गाढव?" मी म्हटलं. "तिआन्मा बघ. पोट जमिनीपासून केवढं वर! दगडाला घासणार नाही. आणि छप्पर उघडतं!"

"छप्पर उघडून काय करणार?"

"आकाश बघणार."

"त्याला गाडी कशाला? अंगणात उभे राहा आणि बघा! मी हात बांधून ठेवलेत का तुमचे?"

हे रोज. नाश्त्याला हानबिट, जेवायला तिआन्मा. मी इंटरनेटवरचे सगळे व्हिडिओ बघितले. भाषा कळत नव्हती तेही बघितले. शाळेत मुलांना 'उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या' शिकवता शिकवता मी मागच्या आसनाच्या रुंदीवर घसरायचो. एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात माझ्या हातात माइक आला. नवराबायकोला शुभेच्छा द्यायच्या होत्या. दिल्या की! मध्ये थोडं तिआन्माच्या मागच्या चाकांविषयी बोललो, एवढंच. तर राऊशाननं कोट ओढून मला खाली बसवलं. नवरीची आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलेना.

आणि मग दोस्बोल पुन्हा आला. या वेळी वाकायला विसरला आणि चौकटीवर डोकं आपटून आत आला.

"नगाशी, सार्सेनकाका म्हणाले, या रविवारपर्यंत तुमची माणसं आली तर आली. पुढच्या रविवारी तुर्किस्तानच्या दातांच्या डॉक्टरची माणसं यायचीत."

"डॉक्टर? मग त्याच्याकडं गाडी कोणती आहे?"

"नगाशी!"

"बरं बरं! रविवार ना? रविवारी तर माझा निकालाचा दिवस! सकाळी गाडी ठरवतो, दुपारी अक्तासला जाऊ. शब्द माझा!"

तो आपटलेलं डोकं चोळत नुसता माझ्याकडं बघत राहिला. मला त्या बघण्याची जरा धास्तीच वाटली, कारण भाच्याचं आमच्यात वेगळं असतं. भाचा तीन वेळा मामाकडं हवं ते मागू शकतो. हवं ते! आणि मामानं नाही म्हणायचं नाही. म्हटलं, तर मामाचा हात थरथरायला लागतो आणि मग मरेपर्यंत थांबत नाही. माझ्यासारखा स्टिअरिंगवर पोट असलेला माणूस ही जोखीम घेईल का? लहानपणी दोस्बोलनं माझं ठिपक्यांचं शिंगरू मागून नेलं होतं. मिसरूड फुटल्यावर माझी कोल्ह्याच्या कातड्याची टोपी नेली. ती तो अजून माझ्यासमोर घालून फिरतो. तिसरा हक्क मात्र त्यानं राखून ठेवला होता.

आता माझी योजना ऐका. अशी योजना आजवर कुणाच्या डोक्यात आलेली नाही, आणि का आली नाही, ते मला आता कळतंय!

दोन्ही गाड्यांची शोरूम एकाच रस्त्यावर, समोरासमोर. हानबिटवाली अक्बोता आणि तिआन्मावाला तेमिर्लान, दोघंही माझे विद्यार्थी. मी ठरवलं, रविवारी दोन्ही गाड्या एकदमच मागून घ्यायच्या. एक मी चालवणार, एक राऊशान. त्याच रस्त्यानं कोकबुलाकला, आमच्या गावी, आपाकडं. आपा म्हणजे माझी आई. तिचे गुडघे दुखतात. ज्या गाडीत ती कण्हल्याशिवाय बसेल, ती गाडी आपली! काय न्याय आहे बघा! राऊशानलासुद्धा यावर बोलायला जागा उरली नाही.

"आगाय, तुमच्यासाठी काहीही!" अक्बोता म्हणाली. आगाय म्हणजे आमच्याकडं गुरुजी. "फक्त जशी नेताय तशी आणा. संध्याकाळी बंद करायच्या आत."

"आगाय, आमचीही तशीच," रस्त्यापलीकडून तेमिर्लान ओरडला.

दोन्ही गाड्यांच्या दारांवर लोहचुंबकाच्या पाट्या होत्या, 'चाचणीची गाडी'. शहर संपलं तसा मी थांबलो आणि दोन्ही गाड्यांच्या पाट्या काढून डिकीत टाकल्या.

"हे कशाला?" राऊशाननं काच खाली केली.

"गावात पाटी लावून जायचं? लोक म्हणतील, अमंतई जाहिरात करत हिंडतोय!"

"लोक वेगळंच काही म्हटले म्हणजे?"

"काय म्हणणार? सांगू की आपण!"

सांगायला वेळ मिळतो, हा माझा गैरसमज होता.

गावाच्या पुलापाशी बिबिगुलनं आम्हाला बघितलं. पुढं मी पांढऱ्या गाडीत, मागं राऊशान पांढऱ्या गाडीत. मी काच खाली करून "बिबिगुल, ऐक!" म्हणेपर्यंत ती चपला हातात घेऊन घराकडं पळत सुटली होती. आनंदाची बातमी जो पहिल्यांदा आणतो त्याला आमच्यात बक्षीस मिळतं, आणि बक्षिसापुढं भावाला कोण विचारतो! आम्ही दाराशी पोचलो, तेव्हा तिच्या गळ्यात आपाची नवी शाल होती आणि आपा फाटकात उभी होती. अख्खी गल्ली तिच्या मागं.

"आपा, थांब! ही गाडी..."

खळ्ळकन काहीतरी बोनेटवर आदळलं. मग टपावर. मग माझ्या डोक्यात! नवी वस्तू आली, की आमच्या बायका तिच्यावर खाऊ उधळतात. गोळ्या-चॉकलेटं उधळली तर एकवेळ समजू शकतो. पण आपा जुन्या वळणाची. तिनं ओच्यात कुरुत भरून आणले होते. कुरुत म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे. ते चघळायला अर्धा दिवस लागतो, आणि फेकून मारले तर लांडगा पळतो. दोन्ही गाड्यांवर गारपीट झाली! राऊशान स्टिअरिंगखाली वाकून बसली.

"आपा, बास! पोचे पडतायत!"

"पडू देत! दृष्ट लागत नाही!" आपा म्हणाली आणि तिआन्माच्या बोनेटला मिठी मारून रडायला लागली. "तुझे बाबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या ट्रकवर चालक होते रे. मरताना म्हणाले, आपल्या पोराच्या दारात एक कोरी गाडी बघायची होती. एक म्हणाले होते! तू दोन आणल्यास!"

आता तुम्ही सांगा. तुमची आई बोनेटला मिठी मारून रडत असेल, तर तुम्ही डिकीतून पाटी काढून दाखवाल? मलाही नाही जमलं. मला स्वतःलाच हुंदका आला. मी राऊशानकडं बघितलं. ती ओठ न हलवता म्हणाली, "सांगा. आत्ता. नाहीतर मेंढा जाईल."

मेंढा गेलाच! परसातून बें असा आवाज आला आणि अर्ध्यावर थांबला. गावातले सगळ्यात वयस्क ओराझ आक्सकाल, म्हणजे आमचे बुजुर्ग, पांढरी दाढी सावरत आले, त्यांनी बोटं रक्तात बुडवली आणि दोन्ही गाड्यांच्या बंपरवर टिळे लावले. चाकांवरही लावले. मग तळवे वर करून आशीर्वाद द्यायला सुरुवात केली. "चाकं पंक्चर होऊ नयेत! टाकी रिकामी राहू नये! पोलिसाची नजर दुसरीकडं असो! मागच्या आसनावर नातवंडं मावेनाशी होवोत!" गल्लीतल्या सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. मीसुद्धा फिरवले. ते एकदा फिरवले, की आशीर्वाद परत घेता येत नाही. म्हणजे या गाड्या शोरूमच्या हिशेबात त्यांच्या होत्या आणि देवाच्या हिशेबात माझ्या!

मेंढा कढईत शिजेपर्यंत गावानं गाड्यांची परीक्षा घेतली. मी वसंतापासून जे जे अभ्यासलं होतं, त्यातलं एकही कुणी विचारलं नाही. शेजारणीनं चहानं भरलेली किटली आधी एका गाडीत ठेवून गल्लीला फेरी मारली, मग दुसरीत. दोन्हींत सांडला. कुणीतरी मागच्या आसनावर मेंढी उभी करून पाहिली. हानबिटमध्ये ती शांत होती, तिआन्मात छप्पर उघडल्यावर मुंडकं बाहेर काढून गावाकडं बघत होती.

"हिला आवडलंय छप्पर!" मी राऊशानला म्हटलं.

"मग तिलाच द्या चालवायला!"

ओराझ आक्सकाल आपली उंच टोपी घालून दोन्हींत बसले. टोपी दोन्हींत छपराला लागली. "दोन्ही वाईट," ते म्हणाले. आपाच्या गुडघ्यांचा निकाल तर लागलाच नाही. आनंदाच्या भरात ती दोन्ही गाड्यांत टुणकन उडी मारून बसली. कण्हण्याचं नावच नाही! माझा सगळा न्याय पाण्यात.

"पण दोन कशाला?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"दुसरी कुणाची?" दुसऱ्यानं विचारलं.

आणि अख्ख्या गल्लीनं एकदम मान वळवून दोस्बोलकडं बघितलं. तो अंगणाच्या कडेला माझी टोपी घालून उभा होता. तो हळूहळू पुढं आला. मी तिआन्माची किल्ली खिशात खोल सारली.

"नगाशी," तो कोकराच्या आवाजात म्हणाला, "माझा तिसरा हक्क अजून बाकी आहे ना?"

कढईतला रस्सासुद्धा उकळायचा थांबला असावा!

"आ... आहे," मी म्हटलं. काय म्हणणार? सगळी गल्ली माझ्या हाताकडं बघत होती, थरथरतोय का ते!

"बरं," तो म्हणाला. राऊशानच्या हातातून त्यानं हानबिटची किल्ली अलगद काढून घेतली, गुडघे हनुवटीला लावून आत बसला आणि काचेतून ओरडला, "अक्तासला जातो!"

धूळ खाली बसली. मग गल्लीनं टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात मामा!" "गाडी दिली! अख्खी गाडी!"

राऊशान माझ्या कानाशी आली. "अक्बोताची गाडी. संध्याकाळी बंद करायच्या आत. जशी नेली तशी."

"बस आत!" मी तिआन्माचं दार उघडलं. "पाठलाग!"

पण मी एकटा निघतो कुठं? "तू अक्तासला चाललास? मग मी येते!" म्हणून आपा बसली. "पोरगं माझं आहे!" म्हणून बिबिगुल बसली. आणि ओराझ आक्सकालांपुढं नुकतंच मेंढ्याचं मुंडकं मानानं ठेवलं होतं. ते टाकून उठणं त्यांना शोभेना आणि गाडी सोडून बसणं त्यांना जमेना. म्हणून ते ताटासकट बसले! अशी आमची वरात निघाली. मी जितक्या जोरात वळण घ्यायचो, तितकं ते मुंडकं ताटातून मला आरशात बघायचं.

"आगाय ना तुम्ही?" राऊशान म्हणाली. "वळणावर वेग किती ठेवायचा असतो?"

"ते परीक्षेपुरतं!"

अक्तासला सार्सेनच्या दारात हानबिट उभी होती. फाटकात सार्सेन. हा माणूस पशुवैद्य. बैलांना औषध पाजून पाजून त्याचे हात फावड्याएवढे झालेत. त्यानं आमच्या गाडीचं दार उघडलं आणि आत बघितलं. मुलाची आजी. मुलाची आई. मुलाचा मामा, मामी. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. आणि त्याच्या मांडीवर मेंढ्याचं मुंडकं! मागणी घालायला याहून रीतसर माणसं कुणी कधी आणली नसतील.

"आले!" सार्सेननं आरोळी ठोकली. "शेवटच्या दिवशी का होईना, आले! बायांनो, चरबी-कलेजी काढा!"

"सार्सेन, मी खरं तर गाडीसाठी..."

"गाडीचं नंतर! आत!"

त्यानं मला काखेत धरून आत नेलं आणि मानाच्या जागी, जाड गोधडीवर बसवलं. बायका माझ्या मागं येऊन बसल्या आणि कुजबुजत खिदळायला लागल्या. मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष खिडकीतल्या उन्हाकडं होतं. ऊन कलायला लागलं होतं. ओराझ आक्सकालांनी प्रसंग ओळखला. प्रसंग कुठलाही असो, ते तो ओळखतात. त्यांनी घसा खाकरून मुलीची मागणी घातली! आपानं डोळे पुसले. बिबिगुलनं कानातली काढली आणि मुलीसाठी पुढं ठेवली.

मी म्हटलं, आता तरी खरं सांगायलाच हवं. गाडी बघून हा माणूस मुलगी देत असेल, तर ती फसवणूक होईल.

"सार्सेन, एक सांगतो. बाहेरची ती गाडी..."

आणि त्याच्या फावड्यासारख्या हातातून मेंढ्याच्या शेपटीची चरबी आणि कलेजी मूठभर माझ्या तोंडात गेली! आमच्यात सोयरीक अशीच होते. दोन्हीकडच्यांनी चरबी-कलेजी खाल्ली, की संपलं. मोडता येत नाही. सार्सेन बैलाला गोळी चारतो त्याच हातानं चारत होता. गिळल्याशिवाय सुटका नाही!

माझे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. गिळलं तर सोयरीक पक्की, थुंकलं तर मोडली. तेवढ्यात मला दारात दोस्बोल दिसला. माझी टोपी हातात घेऊन चुरगाळत होता. त्याच्या मागं एक मुलगी चहाची वाटी धरून उभी होती आणि वाटीतला चहा बशीत सांडत होता. दोघंही माझ्या घशाकडं बघत होती. फक्त माझ्या घशाकडं! जर्दाळूला फुलं होती तेव्हापासून ही पोरं थांबलीत, आणि मी छप्पर उघडावं का डिकी उघडावी यात अडकलोय, हे मला त्या क्षणी इतकं लागलं, की मी ते सगळं एका घोटात गिळलं.

"पक्कं!" सार्सेन गरजला. मग पाणी पिता पिता मला म्हणाला, "काय सांगत होतात गाडीचं?"

"ती आमची नाही. दोन्ही नाहीत. शोरूमच्या आहेत."

"मग माझ्या काय कामाच्या?" सार्सेन म्हणाला. "मी तुम्हाला बोलावत होतो. वसंतापासून! तुम्ही त्या खटाऱ्यातून आला असतात तर धक्का मारायला माझे चार भाऊ आहेत!"

म्हणजे बघा! ज्या कारणासाठी मी गाडी ठरवत होतो, ते कारणच नव्हतं! राऊशाननं माझ्याकडं असं बघितलं की मी ताडकन उठलो. "चला, शोरूम बंद होईल!"

मी उठलो आणि गोधडीही उठली! मागं बसलेल्या बायकांनी माझा कोट गोधडीला शिवून टाकला होता. नव्या व्याह्यांची अशी थट्टा करायची आमच्यात रीतच आहे. टाके तोडायचे, तर त्या बायांना भेटवस्तू द्याव्या लागतात. आम्ही काय देणार? आमच्याजवळ मुंडकं होतं, तेही अर्धं!

"गोधडीसकट चला!" राऊशान म्हणाली.

अंगणात दोस्बोलनं तिच्या हातात हानबिटची किल्ली ठेवली.

"हे काय? तू गाडी मागितलीस ना? तिसरा हक्क!" मी म्हटलं.

"मागितली कुठं? हक्क बाकी आहे का एवढंच विचारलं," तो कोकराच्या आवाजात म्हणाला. "मी नुसतं मागितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, आधी गाडी ठरवतो. पण गाडीच निघून गेली तर तुम्ही मागं नक्की येणार, हे मला ठाऊक होतं."

या पोराला माझ्यासारख्या माणसालाही इतकं सरळ चालवता येतं, हे इतक्या वर्षांत मला कळलंच नव्हतं. आणि मीच त्याचा मास्तर!

गोधडी पाठीवर घेऊन, वरून पट्टा बांधून मी तिआन्मा चालवत शहरात शिरलो. शोरूमच्या बाहेर अक्बोता आणि तेमिर्लान रस्त्याच्या मधोमध हात कमरेवर ठेवून उभे होते. त्यांनी गाड्यांकडं बघितलं. बोनेटवर देवीचे व्रण उठावेत तसे पोचे. बंपरवर रक्त. चाकांवर रक्त. दोन्हींत चहाचं तळं आणि मेंढीच्या लेंड्या, एकीत वर चरबीचे डाग! मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गोधडीत होतो.

"आगाय," अक्बोता हळूच म्हणाली, "कुणी मेलं का?"

"नाही. लग्न ठरलं."

तेमिर्लान आतून कात्री घेऊन आला. अक्बोता टाके कापायला लागली. मी त्यांच्याकडं पाठ करून, मुकाट्यानं भिंतीकडं तोंड करून उभा होतो. माझ्या मागं राऊशानचा आवाज आला. "यातली एक आम्ही घेतो. दुसरी धुऊन, पोचे काढून देतो. घेतो ती ही."

"ही म्हणजे कोणती?" मी भिंतीला विचारलं.

"हलू नका, आगाय, कोट फाटेल!"

"राऊशान! कोणती?"

"घरी गेल्यावर कळेल," राऊशान म्हणाली.

तर अशा रीतीनं, भिंतीकडं तोंड करून, मी निर्णय घेतला.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात दोस्बोल आणि मेरुएर्त आमच्याकडं चहाला आले. आपाही होती. गाडी दारात उभी होती. मी त्या दोघांना तिच्याविषयी थोडं सांगितलं. किटलीतला चहा संपला, दुसरी किटली आली, तीही संपली. तेव्हा दोस्बोल उठून उभा राहिला.

"नगाशी, तिसरा हक्क मागतो."

माझी नजर खिडकीतून गाडीकडं गेली. गेलीच, म्हटलं!

"गाडी नको," तो म्हणाला. "आमच्या लग्नात तुमच्या हातात माइक येणार. त्या दिवशी, आणि त्यानंतर कधीही, कुणालाही, दोन्हींतली कोणती गाडी चांगली आणि तुम्ही कोणती घेतलीत, हे सांगायचं नाही."

"अरे, पण लोक येतात! विचारतात! अख्खं शहर..."

"तिसरा हक्क, नगाशी."

मी आपाकडं बघितलं. आपा मान डोलावत होती. राऊशान भिंतीकडं तोंड करून हसत होती. मेरुएर्तनं माझी वाटी भरली. हे सगळं आधी ठरलेलं होतं, हे न कळायला मी काही नवशिका नाही!

लग्नात मी माइक घेतला, "सुखी राहा!" म्हटलं आणि खाली बसलो. एवढ्या टाळ्या मला आयुष्यात कधी पडल्या नव्हत्या. सहकाऱ्याच्या मुलाची सासूसुद्धा येऊन बोलून गेली.

आता तुम्ही विचारालच, मग घेतली तरी कोणती? सांगतो. इथं काय, भाचा थोडाच वाचतोय! तर आमच्या दारात जी उभी आहे ना, ती म्हणजे...

हा बघा हात. थरथरायला लागला!